क्रॉसओव्हर वेगळं, स्वतःचं गाणं लिहिणं वेगळं

ऑपेरातलं कुणी लोकप्रिय संगीताकडे वळलं की सरसकट ‘क्रॉसओव्हर’ म्हणून मोकळं व्हायची सवय पडली आहे. या एका शब्दाखाली दोन निराळ्या वाटा झाकल्या जातात आणि त्यातल्या अवघड वाटेचं श्रेय हरवतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी गळ्याचं बघू. ऑपेरात सहसा माईक नसतो. अख्ख्या वाद्यवृंदावरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला नुसतं जोरात गाऊन भागत नाही. वाद्यवृंदाचा जोर साधारण ५०० हर्ट्‌झच्या आसपास असतो. तयारीचे गायक, विशेषतः पुरुष गायक, आवाज असा लावतात की ३००० हर्ट्‌झच्या आसपास त्याला धार येते. तिथे वाद्यं क्षीण असतात, म्हणून आवाज वर निघतो. ही फेक कमवायला वर्षं जातात.

क्रॉसओव्हर म्हणजे हाच कमावलेला गळा घेऊन दुसऱ्याच्या अंगणात जाणं. ७ जुलै १९९० रोजी, फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, पाव्हारोत्ती, दोमिंगो आणि कारेरास हे ऑपेरातले तीन नामवंत गायक रोममध्ये एकत्र गायले. वाद्यवृंदाचं संचालन आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांचं. आरियांच्या, म्हणजे ऑपेरातल्या एकल गाण्यांच्या, जोडीला ओळखीची लोकप्रिय गाणीही होती, पण आवाज ऑपेराचाच. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या रॉक गायक फ्रेडी मर्क्युरीबरोबर ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये यांनी १९८७ मध्ये ‘बार्सेलोना’ गायलं, तेही असंच. गाणं मर्क्युरी आणि माइक मोरान यांचं; काबाये आपल्या जागी ठाम राहिल्या, आणि त्या गाण्याची खरी गंमत तीच आहे.

दुसरी वाट अमेरिकन गायिका रियानन गिडन्स यांची. नॉर्थ कॅरोलायनात वाढलेल्या गिडन्स ओबर्लिन या कॉलेजात ऑपेरा शिकल्या, २००० साली पदवी घेतली. मग घरी परतून त्यांनी बँजो हाती घेतला आणि वयाची ऐंशी ओलांडलेले कृष्णवर्णीय फिडलवादक जो थॉम्प्सन यांच्यासमोर शिकायला बसल्या. माईक हाताशी आला की कुजबुजही शेवटच्या रांगेत पोचते. तेव्हा कमावलेली फेक आवरावी लागते, स्वरांचा कंप कमी करावा लागतो, शब्द बोलल्यासारखे उमटावे लागतात. शिकलेलं बाजूला ठेवण्याची ही मेहनत श्रोत्याला दिसत नाही. आणि मग लेखणी. गुलाम स्त्री विकायला काढलेल्या एका जुन्या जाहिरातीत तिचं बाळ ‘घ्यायचं की नाही, खरेदीदाराची मर्जी’ असं म्हटलं होतं. त्यावरून गिडन्स यांनी रचलेलं गाणं २०१७ च्या अल्बममध्ये आहे. असं गाणं दुसऱ्यानं लिहून हाती दिलं असतं, तर ते असं लागलं असतं असं मला वाटत नाही.

मधली माणसंही आहेत. ऑपेरा गायिका रेने फ्लेमिंग यांनी २०१० मध्ये रॉक गाण्यांचा अल्बम केला. पट्टी बरीच खाली आणली, आवाज लावण्याची रीतच बदलली, इतकी की अनेकांना ओळखू आल्या नाहीत. मात्र गाणी दुसऱ्यांची होती. गळा बदलणं आणि लेखणी धरणं एकत्रच घडतं असं नाही.

गिडन्स पुढे ऑपेराकडे परतल्या, त्या रचनाकार म्हणून. आफ्रिकेतून गुलाम म्हणून पकडून आणलेल्या आणि अरबीत आत्मचरित्र लिहिणाऱ्या ओमर इब्न सईद यांच्यावरची ‘ओमर’ ही ऑपेरा २०२२ मध्ये चार्ल्सटनला रंगमंचावर आली. संहिता गिडन्स यांची, संगीत त्यांचं आणि मायकेल एबल्स यांचं. २०२३ चं संगीताचं पुलित्झर दोघांना मिळालं.