बॅटरी पूर्ण उतरू द्या, हा सल्ला आला कुठून?

नवा फोन हातात आला की कोणीतरी हमखास सांगतं, "आधी आठ तास चार्जिंगला लाव, मगच सुरू कर. आणि बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय परत लावू नकोस." सांगणाऱ्याने बहुतेकदा हे स्वतः अनुभवलेलं असतं. सल्ला मनाने रचलेला नाही, एके काळी तो बरोबरच होता. फक्त ती बॅटरी वेगळी होती. आजच्या फोनसाठी त्याचा पहिला भाग निरुपयोगी आहे आणि दुसरा चक्क अपायकारक.

आणखी एक घोळ आपल्या बोलण्यातच आहे. "बॅटरी टिकते" या एकाच वाक्यात आपण दोन गोष्टी म्हणतो. एकदा भरली की दिवसभर पुरते, ही एक. वर्षानुवर्षं धडधाकट राहते, ही दुसरी. पुढचा बराचसा इतिहास या दोन टिकण्यांमधल्या ओढाताणीचा आहे.

निकेल-कॅडमियम बॅटरी स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये तयार केली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती छोट्या, बंदिस्त रूपात घरातल्या उपकरणांमध्ये आली, आणि हातात धरून बोलायचे फोन निघाले तेव्हा हाताशी तीच होती. मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी असा फोन ३ एप्रिल १९७३ रोजी लावून दाखवला. प्रत्यक्ष विक्रीला यायला १९८३ उजाडलं. त्या डायनाटॅक फोनवर जेमतेम अर्धा तास बोलता येई आणि मग बॅटरी भरायला सुमारे दहा तास लागत.

या बॅटरीची एक खोड उपग्रहांमध्ये लक्षात आली होती. उपग्रह पृथ्वीच्या सावलीत गेला की बॅटरी वापरायची, उन्हात आला की भरायची, आणि दर फेरीला अगदी तेवढीच. असं पुष्कळ वेळा झालं की बॅटरी नेमक्या त्या ठरलेल्या टप्प्यावर येऊन व्होल्टेज पाडायची, जणू पुढचा साठा तिला आठवतच नाही. म्हणून याला "मेमरी इफेक्ट" नाव पडलं. आत कॅडमियमचे स्फटिक मोठे होत जायचे, आणि बॅटरी पूर्ण उतरवून पुन्हा भरली की ती बरीचशी पूर्ववत व्हायची. "पूर्ण उतरवा, मग लावा" हा मंत्र तिथला.

घरगुती वापरात इतकी काटेकोर पुनरावृत्ती क्वचितच घडते. लोक ज्याला मेमरी म्हणत त्यातलं बरंचसं नुकसान खरं तर चार्जरचं असे. साध्या चार्जरना बॅटरी भरली की थांबायचं कळत नसे. करंट चालूच राही, बॅटरी तापत राही आणि तापून तापून म्हातारी होई. रात्रभर लावून ठेवू नका, ही भीती त्या चार्जरांनी दिली. आठ तासांचा नियमही त्याच काळातला. या बॅटऱ्या मंद करंटवर भरायला चौदा-सोळा तासही घेत, आणि गोदामात बराच काळ पडून राहिलेली बॅटरी पहिल्या काही लांब चार्जिंगनंतरच पूर्ण ताकदीला येई.

नंतरची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी या बाबतीत बरी होती, पण याच घराण्यातली. नोकियाचा ३३१० हा फोन २००० साली आला तेव्हा त्यात हीच बॅटरी मिळायची. म्हणजे ज्यांनी आयुष्यातला पहिला मोबाइल त्या काळात घेतला, त्यांना जुना नियम पाळून खरोखर फायदा झालेला असू शकतो. आज तेच लोक आपल्या मुलांना तो नियम सांगतात, यात नवल काही नाही.

दरम्यान दुसरीकडे वेगळीच वाट तयार होत होती. १९७० च्या दशकात एक्सॉन कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी लिथियम धातू आणि टायटॅनियम डायसल्फाइड वापरून पुन्हा भरता येणारी बॅटरी केली. लिथियम सगळ्यात हलका धातू, त्यामुळे थोड्या वजनात भरपूर ऊर्जा मावे. पण चार्ज करताना धातूवर सुईसारखे कोंब फुटत. कोंब पलीकडच्या टोकाला भिडला की आतल्या आत शॉर्ट, आणि मग आग. हा धोका पुस्तकी नव्हता. कॅनडातल्या मोली एनर्जी या कंपनीच्या लिथियम धातूच्या बॅटऱ्या जपानमध्ये फोनमध्ये वापरल्या गेल्या आणि १९८९ मध्ये आगीच्या घटनेनंतर परत मागवाव्या लागल्या.

उत्तर सापडलं ते धातूच टाळून. ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवून दिलं की कोबाल्ट ऑक्साइडच्या थरांमध्ये लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, जाऊ-येऊ शकतात आणि त्यातून चार व्होल्टच्या आसपास दाब मिळतो. असाही कासेई कंपनीत अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये दुसऱ्या बाजूला कार्बन वापरून पूर्ण बॅटरी उभी केली. सोनीने १९९१ मध्ये ती बाजारात आणली. गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते.

लिथियम-आयन बॅटरीत आयन एका बाजूच्या थरांतून निघून दुसऱ्या बाजूच्या थरांत जाऊन बसतात, आणि वापरताना परत येतात. निकेल-कॅडमियमसारखी मेमरी इथे नाही. सगळा जुना सल्ला इथेच कोसळतो, आणि त्याची कारणं जरा सावकाश बघण्यासारखी आहेत.

आधी आठ तासांचं. नव्या बॅटरीला पहिल्यांदा चार्ज केलं की कार्बनच्या बाजूवर आतल्या द्रवाचा थोडासा भाग विघटित होऊन अतिशय पातळ साय धरते. ही साय पुढचं विघटन रोखते, म्हणून ती नीट बसणं फार महत्त्वाचं. पण हे काम कारखान्यातच, ठरावीक करंटवर, बॅटरी बाहेर पडण्याआधी पुरं केलेलं असतं. ग्राहकाने पहिल्या रात्री करायचं काही उरलेलंच नसतं.

मात्र ही साय धरायची कधीच पूर्ण थांबत नाही. वर्षानुवर्षं ती हळूहळू जाड होते आणि दर खेपेला थोडं लिथियम कायमचं त्यात अडकतं. बॅटरी म्हातारी होते ती मुख्यतः अशी, फोन कपाटात पडून असला तरीही. दोन गोष्टी हा वेग वाढवतात, उष्णता आणि भरलेपण. रासायनिक क्रियेचा वेग दर दहा अंशांना ढोबळमानाने दुप्पट होतो, त्यामुळे बंद मोटारीत उन्हात राहिलेला फोन एका दुपारी बरंच आयुष्य खर्ची घालतो. तोच फोन शंभर टक्के भरलेला असेल तर दुहेरी मार.

आता "शंभर टक्के" म्हणजे काय ते पाहू, कारण मला स्वतःला या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात बोलकं तथ्य हेच वाटतं. बादली भरल्यासारखी बॅटरी भरत नाही. कोबाल्ट ऑक्साइडमधून साधारण निम्मं लिथियम बाहेर काढलं की व्होल्टेज ४.२ च्या आसपास येतं. त्याहून जास्त काढलं तर थरांची रचनाच डळमळू लागते. म्हणून उत्पादकांनी तिथे रेघ ओढली आणि त्या रेघेला शंभर टक्के म्हटलं. शून्याचंही तसंच. फोन बंद पडतो तेव्हा बॅटरीत थोडी ऊर्जा मुद्दाम शिल्लक ठेवलेली असते, कारण फार खाली गेल्यास आतली तांब्याची पातळ पट्टी विरघळू लागते. पूर्ण उतरलेला फोन महिनोन्‌महिने तसाच ठेवला तर ती शिल्लकही झिरपून जाते, आणि मग तो कधीकधी पुन्हा उठतच नाही. जपून ठेवायचा फोन निम्मा भरून ठेवतात तो यासाठी.

स्मार्टफोन आले, पडदे मोठे झाले, आणि वरची रेघ सरकू लागली. द्रवात नवी रसायनं मिसळून, कणांवर लेप देऊन ४.२ व्होल्टचे ४.३५ झाले, मग ४.४ च्याही वर गेले. तेवढ्याच आकाराच्या बॅटरीत जास्त ऊर्जा मावू लागली. पहिलं टिकणं वाढलं, आणि त्याचा भार दुसऱ्या टिकण्यावर पडला. चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवा असं आज सांगतात, ते थांबणं म्हणजे ही रेघ वापरणाऱ्याने स्वतःच्या हाताने पुन्हा खाली आणणं.

खोल उतरवण्याचा तोटाही यातून कळतो. कार्बनची बाजू ग्रॅफाइटची असते. ग्रॅफाइटच्या थरांत आयन पूर्ण भरले की ते सुमारे दहा टक्के फुगतं, रिकामं झालं की आकसतं. शंभरावरून शून्यावर नेलं की हे फुगणं-आकसणं पुरेपूर होतं आणि कणांना तडे जातात. मधल्या मध्ये, सत्तर-तीस असं वापरलं तर ताण कमी. दिवसातून दोनदा अर्धी अर्धी बॅटरी वापरून भरली तर ते एकच चक्र धरलं जातं, त्यामुळे वारंवार चार्जिंगला लावण्याची भीती बाळगायचं कारण नाही.

मग जुना सल्ला टिकून का राहिला? एक कारण असं की त्याला दुसरा जन्म मिळाला. लॅपटॉप आणि फोन बॅटरीची टक्केवारी थेट मोजत नाहीत, आत किती करंट गेला नि किती आला याचा हिशोब ठेवून अंदाज बांधतात. हा हिशोब चुकत जातो. एकदा पूर्ण उतरवून पूर्ण भरलं की हिशोबनीस ताळ्यावर येतो. यात आकडा दुरुस्त होतो, बॅटरी नाही. पण वीस टक्क्यांवर अचानक बंद पडणारा फोन असं केल्यावर नीट चालू लागला, की पाहणाऱ्याला बॅटरीच सुधारली असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

२००७ मध्ये आयफोन आला तो बंद पाठीचा. बॅटरी काढून दुसरी घालायची सोय हळूहळू बहुतेक फोनमधून गेली, आणि बॅटरीचं वय हेच फोनचं वय होऊन बसलं. बॅटरी जपण्याची आजची एवढी काळजी या बदलातून आली आहे, असं माझं मत आहे. पाठ उघडून नवी बॅटरी घालता येत होती तोवर कोणाला हे प्रश्न इतके छळत नव्हते.

दिवसभर पुरण्याच्या बाजूलाही उपाय झाले. अँड्रॉइडवर एके काळी मागचे अ‍ॅप मारून टाकणारी अ‍ॅप लोकप्रिय होती. मारलेलं अ‍ॅप पुन्हा सुरू व्हायला जास्त वीज खातं, त्यामुळे फायदा फारसा नव्हता. २०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये डोझ आलं, पडून असलेल्या फोनला प्रणालीच झोपवू लागली. ओलेड पडद्यावर काळा भाग म्हणजे बंद पिक्सेल, म्हणून तिथे गडद रूप वीज वाचवतं. एलसीडीवर मागचा दिवा तसाही जळतच असतो.

२०१६ मध्ये सॅमसंगचे गॅलेक्सी नोट ७ फोन पेटू लागले, परत मागवावे लागले आणि शेवटी उत्पादनच थांबलं. पुढच्या जानेवारीत कंपनीने दोन वेगवेगळ्या पुरवठादारांच्या बॅटऱ्यांमधले वेगवेगळे दोष सांगितले. बॅटरीत ऊर्जा किती दाटीवाटीने भरलेली असते, हे सर्वसामान्यांना तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

पण वळण आणलं ते डिसेंबर २०१७ ने. जुने आयफोन मुद्दाम मंद केले जातात असा संशय बराच काळ होता. वापरणाऱ्यांनी मोजमापं मांडल्यावर अ‍ॅपलने मान्य केलं. बॅटरी जुनी झाली की तिचा आतला रोध वाढतो. प्रोसेसरने अचानक जास्त करंट मागितला, त्यात थंडी असली, की व्होल्टेज कोसळून फोन बंद पडतो. ते टाळायला प्रोसेसरचा वेग कमी केला होता. तांत्रिक कारण पटण्यासारखं होतं. न सांगता करणं पटण्यासारखं नव्हतं, आणि त्याची किंमत कंपनीने खटल्यांमध्ये मोजली. २०१८ मध्ये बॅटरी बदलणं स्वस्त केलं गेलं आणि सेटिंगमध्ये बॅटरीचं आरोग्य टक्क्यांत दिसू लागलं. तोवर ही माहिती फोनच्या मालकालाच नव्हती!

त्यानंतर गोष्टी भराभर झाल्या. २०१९ च्या आयओएस १३ या आयफोनच्या प्रणालीपासून फोन मालकाची झोपायची वेळ शिकून रात्री ऐंशी टक्क्यांवर थांबू लागला आणि उठायच्या आधी उरलेलं भरू लागला. इतर कंपन्यांनीही तशी सोय दिली, काहींनी पंच्याऐंशीवर कायमचं थांबण्याची. जलद चार्जिंग शंभर वॅटच्या पलीकडे गेलं. घाईने भरताना, विशेषतः थंडीत, आयन थरांत शिरण्याऐवजी वरच धातू होऊन साचू शकतात. त्यामुळे हा वेग सुरुवातीलाच दिला जातो आणि शेवटचे टक्के कूर्मगतीने भरतात.

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनची बॅटरी ८०० चक्रांनंतर किमान ८० टक्के क्षमता राखेल अशी अट आहे, आणि ती किती चक्रं टिकते हे लेबलवर छापावं लागतं. एका चार्जमध्ये किती तास चालते तेही त्याच लेबलवर असतं. दोन्ही टिकणी एकाच कागदावर शेजारी शेजारी. १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे उपकरणांच्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता याव्यात असा नियमही लागू होतोय. मात्र १००० चक्रांनंतरही ८० टक्के क्षमता राखणाऱ्या आणि पाण्यात बुडूनही तगणाऱ्या फोनना घरी बॅटरी बदलण्याच्या अटीतून सूट आहे, म्हणजे बरेच महागडे फोन बंद पाठीचेच राहू शकतील.