हातड्रिल : सुरक्षित वापर (खानदेश)

भिंत, लाकूड, धातू व प्लॅस्टिक यांत छिद्र पाडण्यासाठी हातात धरून चालवायचे विजेचे यंत्र. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत ते वायरमन, प्लंबर, सुतार व ट्रॉली बांधणारे फॅब्रिकेशनवाले यांच्याकडे असतेच. ठिबकच्या सबमेन नळीला ग्रोमेटसाठी (सांध्यातील रबरी कडीसाठी) भोके पाडायला ते शेतातही नेतात. सुताराचा सामता व गिरमिट त्यामुळे मागे पडले.

विजेच्या ड्रिलचा जनक कोण, याबाबत एकमत नाही. मेलबर्न येथे आर्थर जेम्स आर्नोट व विल्यम ब्रेन यांनी १८८९ मध्ये पेटंट घेतले. तथापि त्यांचे यंत्र मुख्यतः खडक व कोळसा यांसाठी होते. हातात धरून नेता येणारे ड्रिल श्टुटगार्टच्या फाइन बंधूंनी १८९५ च्या सुमारास बनविले, असे सामान्यतः मानतात. पिस्तुलासारखी मूठ व बोटाने दाबायचा खटका यांचे पेटंट १९१७ मध्ये ब्लॅक व डेकर या अमेरिकी भागीदारांना मिळाले. सुरक्षेच्या दृष्टीने पाहता हा तिसरा टप्पा निर्णायक ठरतो: बोट सुटले की यंत्राचा वीजपुरवठा तुटतो. खटका दाबलेलाच ठेवणारे मुठीवरील लॉकचे बटण दाबून काम केल्यास नेमका हाच लाभ जातो. पत्र्यातून आरपार निघताना बिट (भोक पाडणारी फिरती सळई) अडकले, तर यंत्रच मनगटासह फिरते. म्हणून बाजूची मूठ लावावी व पत्रा शिकंजात धरावा. सैल हातमोजे व गळ्यातील रुमालाची लोंबती टोके बिटात गुंडाळली जातात. चकची (बिट पकडणाऱ्या जबड्याची) चावी काढल्याशिवाय खटका दाबू नये. डोळ्यांना चष्मा हवाच.

धुळीचा धोका मात्र कमी लेखला जातो. येथील काळा पाषाण बेसाल्ट असून त्यात मुक्त क्वार्ट्झ (स्फटिकी सिलिका) नगण्य असते. त्यामुळे जुन्या दगडी भिंतीची धूळ त्या मानाने कमी घातक म्हणता येईल. विटा, रेतीचा गिलावा व व्हिट्रिफाइड फरशी यांत क्वार्ट्झ असू शकते, आणि स्वयंपाकाच्या ओट्याचा ग्रॅनाइट अस्सल असेल तर त्यात ते भरपूर असते (भूशास्त्रीय वर्गीकरणानुसार फिक्या खनिजांपैकी किमान २० टक्के). बाजारात ग्रॅनाइट म्हणून विकले जाणारे काही काळे दगड प्रत्यक्षात या वर्गात बसत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. क्वार्ट्झचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसात खोल जाऊन सिलिकोसिस होतो. हा रोग बरा होत नाही. स्फटिकी सिलिकाची धूळ १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्ककारक ठरविली. भारतात १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत (कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत) सिलिकोसिसचा समावेश झाला. उन्हासाठी तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवत नाही. एन-९५ दर्जाचा मास्क नीट बसवून लावावा. धूळ जागीच ओढून घेणारी जोडणी असल्यास अधिक चांगले. खाली पडलेली धूळ कोरडी झाडू नये.

हॅमर ड्रिलच्या (फिरताना ठोकेही देणाऱ्या ड्रिलच्या) कंपनामुळे बोटांच्या रक्तवाहिन्या व मज्जातंतू बिघडतात. इटलीत १९११ मध्ये लोरिगा यांनी व १९१८ मध्ये ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टरांनी अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील दगडखाणींत बोटे पांढरी पडण्याचा विकार नोंदविला. उष्ण प्रदेशांत बोटे पांढरी पडणे विरळ असून मुंग्या व बधिरपणाच अधिक आढळतो, असे दिसते. जळगावात थंडीत पारा १० अंशांखाली उतरतो, तेव्हा पांढरेपणाही दिसू शकेल. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या कामासाठी कंपनाची मर्यादा ५ मी./से.² असून २.५ च्या वर उपाययोजना आवश्यक ठरते. हॅमरचा आवाजही ८५ डेसिबलच्या पुढे जातो. कानात बोळे घालावेत.

विजेच्या बाबतीत घामाने ओली त्वचा हा येथील विशेष. ओल्या कातडीचा विद्युत्‌रोध घटतो, व २३० व्होल्टचा धक्का त्यामुळे अधिक तीव्र बसतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा. दुहेरी इन्सुलेशनचे यंत्र (चौकोनात चौकोन अशी खूण) घ्यावे, पण केबल सोललेली असेल तर त्या खुणेचा उपयोग नाही. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडू नये. तेथून वायर गेलेली असण्याचा संभव मोठा.

बॅटरीवरील ड्रिलला मुख्य वाहिनीची केबल नसते, तरी भिंतीतील चालू वायरीत बिट घुसल्यास धक्का बसू शकतो. लिथियम बॅटरी ४० अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करू नये असे उत्पादक सामान्यतः सांगतात. भुसावळ व जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जात असल्याने चार्जिंग पहाटे, सावलीत करणे इष्ट.