नीतीच्या पायऱ्या आणि कोकणातली पोरं

रत्नागिरीकडच्या गावांत देवरहाटीतली, म्हणजे देवाच्या नावानं राखलेल्या रानातली, वाळकी काटकीही पोरं घरी आणत नाहीत. राखणदाराचं, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचं, आहे ते. हा नियम नीतीचा की नुसत्या रीतीरिवाजाचा? मुलांची नीती कशी घडते यावर काम करणाऱ्यांचा खरा वाद इथेच आहे.

सुरुवात गोट्यांपासून झाली. मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजेनं स्वित्झर्लंडमधल्या मुलांचे खेळ पाहून १९३२ मध्ये लिहिलं की लहानपणी नियम म्हणजे मोठ्यांचा हुकूम. आपसात ठरवून तो बदलता येतो हे पुढे बरोबरीच्या पोरांत खेळताना कळतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्गनं १९५८ च्या प्रबंधासाठी शिकागोच्या मुलग्यांना (मुली नाहीतच!) पेच घातले: बायको मरणपंथाला लागलीय, औषध परवडत नाही, मग चोरावं का? उत्तरांमागच्या कारणांवरून त्यानं नीतीच्या सहा पायऱ्या मांडल्या आणि त्या जगभर सारख्याच, असं सांगितलं.

त्याला जोरदार हरकत आली ती थेट भुवनेश्वरहून. रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्र आणि जोन मिलर यांनी तिथल्या आणि शिकागोच्या मुलांसमोर ३९ प्रसंग ठेवले. वडील गेल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्यानं केस कापले आणि कोंबडी खाल्ली, हा त्यातला एक. ओडिया ब्राह्मण मुलांना हा भयंकर अपराध वाटला, शिकागोच्यांना त्यात काहीच वावगं दिसलं नाही. १९८७ मध्ये हे छापून आलं. आपल्याकडे सुतकात क्षौर हा विधीचाच भाग, त्यामुळे केसांचं कोकणातल्या पोराला काही वाटणार नाही. कोंबडीचं मात्र नक्की वाटेल.

मानसशास्त्रज्ञ एलियट ट्युरिएल आणि त्याच्या सहकाऱ्यांचं यावर म्हणणं असं, की इथे नीती वेगळी नाही, समजूत वेगळी आहे. बापाच्या आत्म्याला त्रास होतो असं मानलं, की कोंबडी खाणं म्हणजे त्याला इजा करणं. आणि इजा करू नये हे शिकागोतही मान्यच आहे. देवरहाटीला हे चपखल बसतं: राखणदार कोपला तर गावाला भोगावं लागणार.

शिमग्यापाशी मात्र हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. होळीसाठी पोरं रात्री कुणाच्या परड्यातला ओंडका पळवतात. नुकसान खरं असतं, मालक सकाळी चार शिव्याही घालतो, पण पोरांना चोर कुणी म्हणत नाही. शिमगा सरल्यावर त्याच परड्यातला नारळ उचलला, तर घरी फोक बसतो.