दाखला नाही म्हणून प्रवेश नाही?
ऊसतोडीसाठी मराठवाड्यातून कोल्हापूर जिल्ह्यात येणाऱ्या कुटुंबांना, जुन्या शाळेचा दाखला किंवा जन्माचा पुरावा नसेल तर मुलाला इथल्या शाळेत प्रवेश मिळत नाही, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. हे खरे नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षणहक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. सरकारी व अनुदानित शाळांना दाखल्याच्या विलंबाचेही कारण सांगता येत नाही, आणि शालेय वर्ष निम्मे सरले असले तरी प्रवेश द्यावाच लागतो. शाहू महाराजांनी १९१७ साली जिथे प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तिथे उसाच्या फडावरचे मूल एका कागदापायी कोपीत (मजुरांच्या झोपडीत) बसून राहावे, हे मनाला फार लागते. पालकांनी थेट जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जावे. कागद मागाहून देता येतात.