हरणं खरंच मृगजळामागे धावून मरतात का?

उन्हाळा आला की हा फॉरवर्ड फिरतोच: हरणं मृगजळाला पाणी समजून धावत सुटतात आणि तहानेने मरतात. कीर्तनापासून शाळेपर्यंत आपण सगळ्यांनी हे ऐकलंय, त्यामुळे खरं वाटणं साहजिकच आहे.

पण आपल्या माळरानावरची काळवीटं आणि चिंकारे बघा. (शास्त्रानुसार ही कुरंग गटातली, पण आपण हरणंच म्हणतो.) भर दुपारी ती धावत नाहीत, बाभळीच्या सावलीत बसून रवंथ करतात, कारण उन्हात पळालं की अंग अजून तापतं आणि धापा टाकण्यात पाणी जातं. चरणं सकाळी आणि संध्याकाळी. चिंकाऱ्याला तर पाल्यातून आणि दवातून इतकं पाणी मिळतं की तो बरेच दिवस न पिता राहतो, काळविटाला मात्र कडक उन्हाळ्यात पाणवठा लागतो आणि तो कुठे आहे हे कळपाला पक्कं माहीत असतं, रोजच्या पायवाटाच पडलेल्या असतात.

मग समज आला कुठून? तापलेल्या जमिनीलगतच्या गरम हवेत प्रकाश वाकतो आणि आकाशच खाली दिसतं. आपल्याला बघून पळणारा कळप त्या चकाकीत शिरला की पाण्याकडेच निघालाय असं वाटतं, पण तो आपल्यापासून लांब पळत असतो.

तपासायचं असेल तर मे महिन्यात रेहेकुरी किंवा नान्नजच्या अभयारण्यात जा, लांबूनच दुर्बिणीने दुपारभर कळप बघा आणि पाणवठ्याभोवतीचे खुरांचे ठसेही बघा. फक्त जवळ जाऊन त्यांना उठवू नका प्लीज, त्या उन्हात उगाच पळावं लागणं हाच त्यांना खरा त्रास आहे.