24937 चा माग

24937 हा आकडा माझ्या फार आवडीचा आहे. 2018 च्या अखेरीस लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या एका गाजलेल्या बिघाडाची दुरुस्ती झाली, तेव्हा तिच्यासोबत एका संगणकाची तक्रारही नोंदवून ठेवली गेली. तिचा आशय असा: आय-नोड 7142 ची पुरवणी 24937 बाइटांची, आणि आय-नोडचा आकार मात्र 256 बाइट. आय-नोड म्हणजे फाइलचा सातबारा. फाइल कोणाची, केवढी, डिस्कवर कुठे, हे सगळं त्यात असतं. 256 बाइटांच्या कागदाला पंचवीस हजार बाइटांची पुरवणी कशी जोडणार?

अशा वेळी आपल्याकडचं निदान ठरलेलं असतं: ‘हार्ड डिस्क गेली’ किंवा ‘व्हायरस आला’. खंडेनवमीला सीपीयूवर झेंडू वाहायला माझी हरकत नाही, पण बिघाडाचं कारण शोधतानाही आपण तेवढीच श्रद्धा वापरतो, याला आहे.

लिनक्स कर्नलची (म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची) 4.19 ही आवृत्ती ऑक्टोबर 2018 मध्ये आली आणि नोव्हेंबरात फाइली खराब होत असल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. संदेशांवर नाव ईएक्सटी4 या फाइल सिस्टीमचं (डिस्कवर फाइली मांडून त्यांचा हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थेचं) होतं, म्हणून सगळ्यांनी तिलाच धरलं. तिचे प्रमुख टेड त्सो यांच्या चाचण्यांत मात्र गडबड दिसेना. शिवाय झेडएफएस ही दुसरीच फाइल सिस्टीम वापरणारेही कुरकुरू लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तयारी चालली होती. ईएक्सटी4 ने फक्त ‘मला दिलेला माल खराब आहे’ एवढंच ओरडून सांगितलं होतं.

संशयित बदल शोधायची रीत सोपी आहे. जुनी आवृत्ती चांगली, नवी वाईट. मधला बदल घेऊन तपासा, मग उरलेल्या अर्ध्याचं अर्ध करा. 4.19 मध्ये सुमारे 14 हजार बदल होते, म्हणजे चौदा फेऱ्यांत काम व्हायला हवं. पण हा रोग मलेरियाच्या तापासारखा मधूनच चढणारा. एका फेरीत तो दिसला नाही म्हणून तुम्ही ‘चांगली’ असा शेरा मारला, की पुढचा सगळा शोध चुकीच्या गल्लीत.

चोर सापडला तो एक मजला खाली, ब्लॉक लेयरमध्ये. फाइल सिस्टीमच्या मागण्या डिस्कपर्यंत पोचवणारा हा थर. झपाट्याने चालणाऱ्या एसएसडींसाठी त्यात अनेक रांगांची नवी व्यवस्था आली होती आणि 4.19 पासून स्कझी थराखालच्या (हा थर मागण्यांचं डिस्कला कळणाऱ्या हुकमांत रूपांतर करतो) डिस्कांनाही (नेहमीच्या साटा डिस्कही त्यातच आल्या) ती मुळातच चालू झाली. त्याच आवृत्तीत आणखी एक बदल झाला: शेड्युलर (मागण्यांचा क्रम लावणारा भाग) ‘नन’, म्हणजे कोणताच नसेल आणि रांग मोकळी असेल, तर मागणी रांगेत न लावता थेट डिस्ककडे पाठवायची. वेळ वाचतो. हेतू चांगलाच होता.

आता वाण्याकडे जाऊ. चार जिन्नसांची चिठ्ठी आहे, मुलाने मोजून चार पिशव्या घेतल्या. दुकानात गर्दी, वाणी म्हणाला, ‘नंतर ये.’ मुलगा परतला आणि चिठ्ठी पुन्हा घरच्या यादीत गेली. तेवढ्यात आईने त्याच चिठ्ठीवर आणखी चार जिन्नस लिहिले आणि आठ डबे मांडून ठेवले. पिशव्या मात्र चारच. मुलगा चार जिन्नस आणतो, चार डबे भरतो आणि सांगतो, ‘झालं सगळं.’ उरलेल्या डब्यांत आधीचंच काहीबाही असतं आणि आई तेच साखर समजून चहात घालते.

पिशव्या म्हणजे स्कॅटर-गॅदर टेबल, मेमरीतल्या कुठल्या जागा भरायच्या याची यादी. डिस्कने ‘व्यग्र आहे’ म्हणेपर्यंत स्कझी थराने ती बनवलेली असायची. नंतर शेजारची मागणी त्यात विलीन झाली, की मागणी वाढायची, टेबल जुनंच राहायचं. नेहमीच्या वाटेने परत आलेली मागणी पाठवणीच्या वेगळ्या यादीत जाते आणि तिथे विलीनीकरण होतच नाही. थेट वाटेला तो अडसर नव्हता.

म्हणून तो आकडा. 24937 चे दोन बाइट सुटे करा: 105 आणि 97. अक्षरांच्या संकेतात हे इंग्रजी लहान ‘आय’ आणि ‘ए’. आय-नोडच्या जागी कुठल्यातरी मजकुराचा तुकडा पडलेला असावा, असा माझा तर्क. डबा भरलाच गेला नव्हता!

दुरुस्ती ब्लॉक लेयरचे प्रमुख जेन्स ॲक्स्बो यांनी केली: थेट पाठवणी फसली तर मागणीवर ‘विलीन करू नका’ असा शिक्का मारायचा. काही ओळींचंच काम. डिसेंबर 2018 मध्ये ते 4.19.8 मध्ये आलं. तोवर काहींचं नुकसान होऊन गेलं होतं. डिस्कवरचा मजकूर बरेचदा धडधाकट असायचा, मेमरीत आलेली प्रत तेवढी बिघडलेली. ती प्रत परत डिस्कवर लिहिली गेली, किंवा घाबरून चालवलेल्या दुरुस्तीच्या प्रोग्रामने तीच खरी मानून ‘सुधारणा’ केली, की चांगला मजकूर खरोखरच जायचा.