निळ्या कागदावरचे हात

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने १५०८ च्या सुमारास फ्रँकफर्टचा व्यापारी याकोब हेलर याच्यासाठी चर्चमधील वेदीचे चित्र रंगवायला घेतले, तेव्हा पूर्वतयारी म्हणून एका प्रेषिताच्या (येशूच्या पट्टशिष्याच्या) जोडलेल्या हातांचे निळ्या कागदावर रेखाटन केले. ज्या चित्रासाठी हा खटाटोप होता, त्याचा मधला फलक १७२९ मध्ये म्युनिकच्या आगीत जळाला. रेखाटन मात्र व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात सुखरूप आहे आणि त्याच्या छापील प्रती जगभरच्या भिंतींवर लागल्या आहेत.

त्यांपैकी कितीतरी प्रतींत कागदाचा निळा रंगच हरवलेला असतो. ड्यूररने सावलीसाठी गडद आणि उजेडासाठी पांढरा रंग कुंचल्याने लावला, तर मधली छटा कागदाच्या निळेपणावर सोडली. मनगटाजवळची फुगलेली शीर उठून दिसते ती केसाएवढ्या पांढऱ्या फटकाऱ्यांमुळे, आणि तो पांढरा उजळतो तो मागच्या निळ्यामुळे. निळा गेला की अर्धे चित्रच गेले, असे मला वाटते.

छायाचित्रणाने नेमका येथेच घोळ घातला. १८५१ पासून प्रचलित झालेली ओल्या कलोडियनची काच (कलोडियन या चिकट द्रावणाचा प्रकाशसंवेदी लेप दिलेली, ओली असतानाच छायाचित्र घेण्याची काच) निळ्या प्रकाशाने चटकन प्रभावित होई, तांबड्याने जवळजवळ नाहीच. त्यामुळे निळा कागद प्रतीत फिकट उतरे आणि पांढरे फटकारे त्यात विरून जात. काचेवरील लेपात योग्य रंजक मिसळल्यास तिला हिरवा-पिवळा प्रकाशही जाणवतो, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेरमान फोगेलने १८७३ मध्ये दाखवले, तेव्हा कुठे या छटांचा तोल सुधारू लागला.

छपाईचा प्रश्न कोलोटाइप या जिलेटिनच्या थरावरून छापण्याच्या पद्धतीने सोडवला. काचेवर डायक्रोमेट (जिलेटिनला प्रकाशसंवेदी करणारे रसायन) मिसळलेल्या जिलेटिनचा थर वाळवला की त्याला अतिसूक्ष्म सुरकुत्या पडतात. निगेटिव्हमधून जिथे जास्त प्रकाश पोहोचतो, तिथले जिलेटिन कडक होते. ओलावल्यावर ते पाणी फारसे शोषत नाही आणि तेलकट शाई धरते, तर मऊ राहिलेला भाग पाण्याने फुगून शाई झिडकारतो. मधल्या छटा कडकपणाच्या प्रमाणात आपोआप उतरतात, ठिपक्यांची जाळी लागत नाही. नाजूक थर मात्र हजारेक प्रतींत झिजतो, म्हणून ही छपाई महागच राहिली.

आपल्याकडे या हातांची प्रत असेल, तर शिरेच्या कडेवर भिंग धरून पाहावे: रंगीत ठिपक्यांची नक्षी दिसली तर ती ऑफसेटची, म्हणजे नेहमीच्या यांत्रिक छपाईची, किड्यांच्या वाटांसारख्या वेड्यावाकड्या बारीक रेघा दिसल्या तर कोलोटाइपची.